‘बोर्ड गेला, पण कशानं?’ असं विचारणाऱ्या भाऊंना

जळगावच्या गोलाणी मार्केटातल्या आमच्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंना,
स. न. वि. वि.

वाचनालयाचा बंद पडलेला कॉम्प्युटर सुरू झाला त्याचे आभार तुमच्या बिलामागेही लिहून देता आले असते. हे उघडं पत्र आहे ते तुम्ही आल्या आल्या विचारलेल्या प्रश्नासाठी. बाकीचे मदरबोर्डकडे, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीकडे, बोट दाखवून म्हणत होते, ‘बोर्ड गेला, नवीन मशीन घ्या.’ तुम्ही म्हणालात, ‘बोर्ड गेला, पण कशानं गेला? पयले देखा, मंग इकत ल्या.’ यावल-रावेरकडच्या कितीतरी शाळा आणि सोसायट्यांत अजून इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचे कॉम्प्युटर चालतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून तुमची तपासणी इथे मांडतो. चुकलं तर कान धरा.

बटण दाबलं की पंखा सेकंदभर हलायचा आणि थांबायचा. तुम्ही आधी हार्ड डिस्क काढून दाखल-खातं, म्हणजे पुस्तकांची नोंदवही, दुसरीकडे उतरवून घेतलंत. मग एसएमपीएसचे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचे, प्लग काढून बोर्डावरच्या प्रोसेसरच्या (सीपीयूच्या) चार पिनांच्या वीज-सॉकेटवर, १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये, मीटर लावलंत. जवळजवळ शून्य ओहम. प्रोसेसर काढला तरी शून्यच. म्हणजे बहुधा प्रोसेसरला वीज देणारा मॉस्फेट (विजेची चालू-बंद करणारी चकती) शॉर्ट. फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) दहा-वीस रुपयांत बदलता येतात. मॉस्फेट गेलेल्या बारा वर्षांच्या बोर्डावर मजुरी घालू नका, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. १२ व्होल्टच्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर जाऊ शकतात, म्हणून आमचा आय३-३२२० तुमच्याकडच्या चालू बोर्डावर बसवून पाहिलात. तो वाचला होता. तो गेला असता तर बोर्ड घेण्यातच अर्थ नव्हता.

इथे कुणीही बोर्ड आणायला निघालं असतं. तुम्ही एसएमपीएस उचललात. २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरतो आणि लोक म्हणतात, सप्लाय चांगला. बिनलोडाचा पंखा काहीच सांगत नाही. तुम्ही पिवळ्या-काळ्या वायरींवर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब लावलात. साडेचार अँपिअरच्या आसपास लोड पडला आणि १२.१चे १०.९ झाले. चालतं ११.४ ते १२.६. जांभळी वायर, म्हणजे स्टँडबायचे ५ व्होल्ट, ४.७५च्या खाली जायला नको; ती ४.४ दाखवत होती. पीसी बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत हा भाग रात्रंदिवस जागा असतो, म्हणून त्याचे कपॅसिटर लवकर वाळतात. दहा अंश तापमान वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडचा मे महिना, वर पत्र्याचं छत आणि कपाशीच्या धुळीने बुजलेली एसएमपीएसची जाळी! हाच सप्लाय नव्या बोर्डाला लावला असता तर तोही याच वाटेने गेला असता.

खरी गंमत त्यापुढे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याची सगळ्यांना सवय झाली होती. तुम्ही सॉकेटात मीटर घातलंत: फेज-न्यूट्रल २३२, पण न्यूट्रल-अर्थिंग ३८. हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर कॅबिनेटला मेनच्या निम्म्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात, मुंग्या त्याच्याच. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात पुरलेली पट्टी असूनही अर्थिंग नसल्यासारखंच होतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी सोडल्यावर ३८चे २ झाले.

मग खरेदी. प्रोसेसर ११५५ सॉकेटचा, रॅम डीडीआर३ जातीची, म्हणून एच६१ चिपसेटचा बोर्ड. ११५० किंवा ११५१चा स्वस्तात मिळाला तरी प्रोसेसर बसणार नाही, हे आधी सांगितलंत. दुसरी मेख बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची: एच६१ हा २०११चा, दुसऱ्या पिढीसोबत आलेला, जुना बायोस असेल तर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखतच नाही आणि नवा कोरा बोर्ड मेल्यासारखा दिसतो. म्हणून दुकानाच्या काउंटरवरच प्रोसेसर बसवून बायोसचा पडदा पाहायला लावलात. ‘फक्त एएमडी’ लिहिलेली स्वस्त ८ जीबी रॅम घेऊ दिली नाहीत, तेही बरं झालं. इंटेलवर ती चालत नाही.

बसवताना स्वस्त एच६१ बोर्ड जुन्यापेक्षा अरुंद निघाला. कॅबिनेटातल्या ज्या पितळी बुटक्या (बोर्ड ज्यांवर टेकून स्क्रूने बसतो ते खांब) त्याच्या भोकाखाली येत नव्हत्या, त्या काढल्यात. एखादी राहिली असती तर मागून सोल्डरला टेकून शॉर्ट. सॉकेटच्या पिनांना बोट नाही. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट भाताच्या शितापेक्षा थोडी कमी. कूलरच्या चार खुंट्या तिरप्या जोडीने दाबायच्या आणि बोर्डामागे काळी टोकं फुललेली पाहायची. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर दहा मिनिटांत तापून मशीन बंद पडतं. सीपीयूचा चार पिनी प्लग विसरला तर पंखे फिरतात, पडदा काळाच. डिस्क लावल्यावर निळा पडदा आला, तेव्हा बायोसमध्ये डिस्क जोडायची पद्धत (साटा मोड) एएचसीआयवरून जुन्या बोर्डासारखी आयडीईवर नेलीत, लगेच सुरू.

बोर्ड २,३०० रुपये, एसएमपीएस १,१००, बायोसचा सेल आणि पेस्ट १२०, तुमची मजुरी ४००: एकूण ३,९२०. मजुरी कमी घेतलीत, हे आम्हाला कळतं. थंडीत भरीत-पुरीला या, नाही म्हणू नका.

नव्या बोर्डाच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण खोक्यात जपून ठेवलंय. वॉरंटीत बोर्ड परत द्यायची वेळ आली तर ते लागेल. आणि खड्ड्यात दर रविवारी दोन बादल्या पाणी ओतायचं काम सकाळी वर्तमानपत्रं लावणाऱ्या पोराकडे दिलंय. न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा तो दाराआड खडूने लिहितो. तीनच्या वर गेला तर फोन करू.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते