रिक्षावाले दादा आणि रात्रपाळीच्या मावशी, तुमचे आभार

नाशिकला गोदेला पूर होता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं. त्याच रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्स मिळेना. शरणपूर रोडवर एक रिक्षा थांबली. लाईट गेलेले, लिफ्ट बंद. दादांनी काही न विचारता आईला खुर्चीत बसवलं, एका बाजूने मी, एका बाजूने ते, असं तीन मजले खाली आणलं. हॉस्पिटलच्या दारात उतरून भाडं द्यायला वळले तर रिक्षा निघून गेलेली.

आई आत, मी बाहेर बाकावर. बायबलमधल्या यशयाच्या 41व्या अध्यायातलं ‘भिऊ नकोस’ हे देवाचं वचन मला लहानपणापासून पाठ. चर्चमध्ये दुसऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलंयसुद्धा! त्या रात्री मात्र ओठांवर येईना.

मावशी शेजारी येऊन बसल्या. फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. “खाऊन घ्या ताई, रात्र मोठी आहे.” मी म्हटलं, प्रार्थनाच सुचत नाहीये. “मग तुम्ही नुसत्या बसा, मी घेते नाव,” म्हणाल्या आणि हळू आवाजात विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. भीती काही गेली नाही. पण हातांची थरथर थांबली, आणि वचन आठवलं, अख्खं. मग पहाटेपर्यंत तेच धरून बसले.

आई आता बरी आहे, रोज अंगणात चालते. मावशी, तुमचं फडकं माझ्याकडेच राहिलंय. दोनदा आले, तुमची पाळी बदलली म्हणाले. धुऊन, घडी घालून ठेवलंय.