जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत आणि किलोमीटरचा काटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारासंबंधी आलेला लेख वाचला. ‘गाडी कमी चाललेली असेल तर जास्त पैसे मोजायला हरकत नाही’ असा सल्ला त्यात दिला आहे. विमा सर्वेक्षक म्हणून अशा गाड्या तपासण्याचे काम मी मुंबईत केले असल्याने, निदान या शहरापुरता तरी हा सल्ला जसाच्या तसा स्वीकारू नये, असे मला वाटते.

मुंबईत अशी गाडी कमी चालते, तेव्हा ती बहुधा तळघरातील पार्किंगमध्ये उभी असते किंवा गर्दीत रांगत असते, आणि किलोमीटरच्या काट्यावर यांपैकी काहीच दिसत नाही. पोर्श ९११ सारख्या गाडीच्या संगणकात मात्र इंजिन एकूण किती तास सुरू होते याची नोंद राहते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ती पाहता येते. समजा, एका गाडीची नोंद १२,००० किलोमीटर आणि ८०० तास आहे. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर पडला. दुसरी ३०,००० किलोमीटर चालली, पण ६०० तासांत. तिचा वेग ताशी ५० येतो, अर्थात ती बरीचशी मोकळ्या रस्त्यावर धावलेली आहे. बाजारात पहिलीला जास्त भाव सांगितला जातो. मी दुसरीला देईन, कारण रांगत्या वाहतुकीत दुहेरी क्लचच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सला सारखे अर्धवट क्लचवर काम करावे लागते आणि इंजिनही किलोमीटरच्या मानाने कितीतरी अधिक झिजते. इंजिन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फेऱ्यांवर (आरपीएम) किती वेळा गेले, हेही त्याच संगणकात सापडते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत घाईत भलताच खालचा गिअर पडण्याचा धोका असल्याने तिथे ही नोंद आधी पाहावी.

उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर वरून नवे दिसतात. त्यांच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांत २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे; नक्षी शाबूत असली तरी ते रबर आता वेगाच्या भरवशाचे नाही. ब्रेक कार्बन-सिरॅमिकचे असतील आणि चारही डिस्क बदलायच्या झाल्या, तर खर्च सहज दहा लाखांच्या पुढे जातो. असे तोंडावर आलेले खर्च किमतीतून सरळ वजा करावेत.

पण वजा करायचे ते कशातून? इथे बहुतेक जण मूळ बिलाचा आकडा धरून त्यावर घसाऱ्याची टक्केवारी लावतात, आणि हिशेब फसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील उपकर रद्द होऊन जीएसटी ४० टक्के झाला. त्याआधी दोन्ही मिळून कर ५० टक्क्यांपर्यंत जात होता. म्हणून आज नव्या गाडीला काय पडते, तिथूनच सुरुवात केली पाहिजे. विम्याच्या पॉलिसीवरील घोषित मूल्यही (आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेल्यास मिळू शकणारी कमाल रक्कम) बाजारभाव म्हणून धरता येत नाही, कारण ते ठरीव घसाऱ्याने काढतात (पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, पुढे परस्परसंमतीने) आणि मर्यादित संख्येत निघालेल्या गाड्या हे कोष्टक जुमानत नाहीत.

नोंदणी कोणत्या राज्यातील आहे, हा मुद्दा आपल्या लेखात एका ओळीत उरकला आहे. वास्तविक मुंबईतील खरेदीदाराला तोच महागात पडतो. महाराष्ट्रातील एकरकमी वाहन कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. कमी कराच्या राज्यात नोंदलेली गाडी इथे स्वस्तात मिळते खरी, परंतु मोटार वाहन कायद्यानुसार ती बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि गाडीच्या वयानुसार कमी होणारा का होईना, पण करही भरावा लागतो. एमएच-०१ च्या गाडीशी तिची तुलना ही रक्कम मिळवल्यानंतरच करावी.

सदनिकेचा सौदा कितीला झाला, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधून कळते. मोटारींच्या बाबतीत तशी सोय नाही. जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, आणि घासाघीस होऊन ठरलेला आकडा दोघांतच राहतो. एखाद्या मॉडेलच्या देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या विक्रीला असतील, तर एकाच अवाजवी जाहिरातीने बाकीच्यांचे भाव चढतात. आपल्या लेखातील कोष्टकही अशाच जाहिरातींवरून केलेले दिसते. यापुढे असे कोष्टक छापताना ‘मागितलेली किंमत’ असा स्पष्ट उल्लेख करावा आणि प्रत्येक गाडीपुढे नोंदणीचे राज्य द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वाहन विमा सर्वेक्षक,
माहीम, मुंबई