ब्रोच मोडीत घालण्याआधी मागची बाजू पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यात जुन्या घरांच्या वाटण्या होतात तेव्हा पोर्तुगीज काळातले ब्रोच (कपड्यावर टाचायचे दागिने) बहुधा थेट सोनाराच्या तराजूत पडतात. कस २२ कॅरेटचा लागला नाही की ‘१८ चे आहे’ म्हणत मोडीचा भाव सांगितला जातो. पोर्तुगालचे रूढ सोने मात्र १९.२ कॅरेटचे, हजारात ८०० भाग शुद्ध. १० ग्रॅमच्या ब्रोचमध्ये ते ८ ग्रॅम भरते; १८ च्या हिशेबाने साडेसातच. आपल्या हॉलमार्कच्या प्रतींत १९.२ बसत नाही, तिथेच घोळ होतो.

दहापट भिंगाने आधी मागची बाजू पाहावी. टाचणी अडकवायला साधा उघडा आकडा आणि काठाबाहेर डोकावणारी लांब टाचणी असेल तर डाग (दागिना) बहुधा एकोणिसाव्या शतकातला किंवा विसाव्याच्या सुरुवातीचा. फिरते कुलूप त्यानंतरचे. पण टाचणी बदललेली असू शकते. बिजागरीभोवती करडी डाख (सांधा जोडणारा धातू) दिसली तर ती कथील-शिशाची, मागाहून केलेली. असा डाग भट्टीत तापवला तर शिसे सोन्यात उतरून ते खाते. नवी टाचणी लावण्याआधी जुनी डाख पूर्ण काढायला सांगावी.

पोर्तुगीज चांदीवर १९३८ पूर्वी रानडुकराच्या डोक्याचा शिक्का, नंतर गरुडाच्या. अंक बहुधा ८३३, म्हणजे हजारात तितके भाग शुद्ध. इथेच घडवलेल्या डागावर शिक्का नसतोही. तेवढ्यावरून खोटा ठरवू नये.

कस मोजणारे एक्स-रे यंत्र फक्त वरचा थर वाचते, मुलामा असेल तर फसते. तारकामात (बारीक तारांच्या नक्षीत) डाखेमुळे कसाचा आकडा खाली येतो. चौकट, तार, टाचणी असे तीन ठिकाणचे आकडे मागावेत. टाचणी लवचीक राहावी म्हणून मुद्दाम हलक्या कसाची असते, तिच्यावरून अख्ख्या ब्रोचचा भाव ठरवू देऊ नये.

मागून बंद कोंदणात खड्यांखाली वर्ख असतो. पाणी शिरले की तो काळवंडतो, मग चमक परत येत नाही. रिठ्याच्या पाण्यात बुडवणे तर नकोच.

मूल्यांकन लेखी घ्यावे: खड्यांसह आणि खड्यांविना वजन, कस, शिक्के, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि ते विक्रीसाठी की विम्यासाठी. विम्याचा आकडा विक्रीत मिळत नाही.

लिस्बनच्या नातलगांकडे पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा पाहावा. शंभर वर्षांवरचा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी काढावा.

– जुन्या दागिन्यांचे एक अभ्यासक, मडगाव