घोड्यांची लस आणि आपले बिबटे

पुणे, सहकारनगर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

‘अमेरिकेत रानघोड्यांना सुई टोचून पैदास थांबवतात, मग आमच्या जुन्नरच्या बिबट्यांना काय धाड भरलीय?’ असं तू विचारलंस. ग्रामसभेत हेच मांडणार आहेस म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहितो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तिकडे १९७१ साली रानघोड्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यांना खाणारं जनावर तिथं फारसं उरलेलं नाही, त्यामुळे कळप वर्षाला पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. नेवाडासारख्या कोरड्या मुलखात चारा-पाणी पुरेनासं होतं. मग हेलिकॉप्टरनं कळप हाकत आणायचे आणि कुंपणात ठेवायचे. दत्तक कोणी घेतले तर ठीक, नाहीतर सरकारनं जन्मभर पोसायचे. असे साठ हजारांहून जास्त घोडे सरकारी खर्चानं दाणा खात बसले होते. माणिकडोहच्या निवारा केंद्रातले पकडलेल्या बिबट्यांचे पिंजरे आठव आणि हिशोब कर.

दुसरी वाट निघाली ती अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर. जे कर्कपॅट्रिक नावाच्या शास्त्रज्ञानं १९८८ मध्ये तिथल्या घोड्यांवर लस वापरून पाहिली. बीजांडाभोवती एक पातळ आवरण असतं. डुकराच्या बीजांडाचं तेच आवरण काढून लस बनवतात. ती टोचली की घोडीचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती तिच्या स्वतःच्या बीजांडालाही चिकटतात आणि शुक्राणूला आत शिरायला जागाच राहत नाही. घोडी माजावर येते, घोडा लागतो, शिंगरू मात्र होत नाही. संप्रेरकांना हात लावत नसल्यामुळे कळपातलं वागणं बरंचसं तसंच राहतं. (बरंचसं म्हणतोय. गाभण न राहणाऱ्या घोड्या एका घोड्याजवळ कमी टिकतात, असंही काही ठिकाणी दिसलंय.) आणखी एक गंमत म्हणजे बाळंतपणं टळल्यामुळे लस घेतलेल्या घोड्या जास्त जगल्या. काही तर वीस वर्षांच्या झाल्या. म्हणजे जन्म थांबले तरी बेटावरचा आकडा लगेच खाली येईना, वर्षं गेली त्यात.

आता मुद्द्याचं. ही लस पहिल्यांदा टोचली की काही आठवड्यांनी दुसरी, आणि पुढं साधारण दरवर्षी एक. म्हणजे ही घोडी कोण, तिला गेल्या साली टोचली का, हे बंदुकीतून लसीची सुई, म्हणजे डार्ट, मारणाऱ्याला ठाऊक हवं. असाटीगला हे जमतं, कारण घोडे दिवसाढवळ्या उघड्यावर चरतात. रंग, कपाळावरचा चांद, पायाचे पांढरे मोजे यांवरून एकेक घोडी ओळखता येते, तिची नोंद असते. चाळीस-पन्नास मीटरवर जाऊन डार्ट मारता येतो. शिवाय बेट आहे, बाहेरून नवा घोडा येत नाही. नेवाडाच्या अफाट माळांवर हीच लस नेली की दमछाक होते.

तुझ्या उसातली मादी तू किती वेळा धड पाहिलीस रे? रात्री दिव्याच्या उजेडात डोळे चमकले, एवढंच ना? तिला दरसाल नेमकी गाठून टोचणार कोण? डार्टनं जमणार नाही, पिंजराच लावावा लागेल, आणि एकदा अडकलेली मादी पुन्हा त्या पिंजऱ्याकडे सहज फिरकत नाही. त्यात डुकराची ही लस पाळीव मांजरांवर करून पाहिली तेव्हा उपयोग झाला नव्हता, म्हणजे बिबट्यासाठी औषधच वेगळं शोधायला हवं. आणि समजा जुन्नरच्या सगळ्या माद्या थांबवल्या, तरी आंबेगाव, संगमनेरकडून नवं जनावर यायला कुंपण कुठंय? ऊस आहे, कुत्री आहेत, डुकरं आहेत, घर तयारच आहे.

प्रयोग करूच नये असं मी म्हणत नाही. मोजक्या माद्यांना कॉलर लावून, वर्षानुवर्षं मागोवा ठेवून करावा. पण पिलं थांबली तरी आज हिंडणारा बिबट्या उद्याही शेळी नेणारच. ग्रामसभेत लस मागायची तर माग, पण त्याआधी उसाला दिवसा वीज माग. रात्री पाणी द्यायला जाणारी माणसं घरी राहिली तर तो फरक याच हंगामात दिसेल. आणि गोठ्याला वरून जाळी मारलीस का? मागच्या वेळी नुसत्या भिंती होत्या. वहिनींना विचार, त्या कधीपासून तुला सांगतायत.

ठरावाचा मसुदा लिहिलास की आधी मला पाठव. आकडे तपासून देतो.

तुझा,
सुधीर