मुद्रितशोधनासाठी उलटे वाचन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वतः लिहिलेला मजकूर तपासताना डोळे कागदावरच्या अक्षरांऐवजी मनातला शब्दच वाचतात, आणि म्हणून गळलेला काना किंवा ओळ बदलताना दोनदा पडलेला ‘आणि’ चार वाचनांनंतरही तसाच राहतो. यावर शेवटच्या वाक्यापासून सुरुवातीकडे एकेक वाक्य वाचत येणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो, कारण अर्थाचा ओघ तुटला की वेलांट्या-उकार सुटे दिसू लागतात. शब्दागणिक उलटे गेल्यास मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शुद्धच भासतात. तेथे वाक्य हवेच. विचारांतील विसंगती अर्थातच सरळ वाचनात सापडते. छपाईपूर्वी या वाचनासाठी वेळ राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक