साहेब आणि रोम

पुणे,
रविवार दुपार

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसलोच. लंडनचा साहेब कॉलवर 'रोम वॉझन्ट बिल्ट इन अ डे' म्हणाला आणि बोलणी बसली की काय म्हणून तुझी रात्रीची झोप उडाली! अरे येड्या, नव्या सिस्टीमवर हात बसायला वेळ लागणारच, एवढंच त्याला सांगायचं होतं. आपलं 'दमानं घे रे', फक्त कोट-टाय घालून.

शाळेत आपण त्याचं मराठी 'थेंबे थेंबे तळे साचे' असं लिहून मार्क घेतले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तळं साठवणाऱ्यासाठी असतं, रोम घायकुतीला आलेल्याची पाठ थोपटायला. आपल्याकडे त्याची पाठ कोण थोपटतंय? 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणून आपण मोकळे.

बरं, म्हण मुळात इंग्रजांचीही नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस ती फ्रेंचमध्ये होती. इंग्रजीत ती जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात सापडते. आणि गंमत म्हणजे या रोमला चक्क वाढदिवस आहे! परंपरेने इ.स.पूर्व ७५३, २१ एप्रिल. आपल्या भूमिपूजनासारखंच झालं ते, नारळ एका दिवसात फुटतो.

एक मात्र सांभाळ. रोम दुसऱ्याला धीर द्यायला काढायचं. रिपोर्ट लटकला आणि तूच साहेबाला ते ऐकवलंस, तर सरळ सबब होते. आमच्याकडे सुतार आठ दिवसांचं काम दीड महिना करतोय. परवा स्वयंपाकघरात पेन्सिल कानामागे खोचून कपाटाच्या एका दाराकडे नुसता बघत उभा. लेकीने त्याची बाजू घेऊन हीच म्हण फेकली. थालीपीठ थापता थापता ही म्हणाली, "रोम राहू दे. दादा, दोन बिजागऱ्या तेवढ्या बसवा, माझे डबे जमिनीवर आहेत." सुतार ओशाळला, हसला आणि चहा मागितला.

डबे अजून जमिनीवरच आहेत.

पुढच्या कॉलला साहेब पुन्हा रोमवर आला तर 'थँक्स' म्हण आणि अडलंय ते विचारून घे. वहिनींना नमस्कार. दिवाळीत इकडे या, कपाट दाखवतो. निदान दारं तरी.

तुझाच,
बाळ्या