आरनच्या विणीला आख्यायिकेचा टेकू नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडच्या आरन बेटांवरून सुचलेल्या शालीविषयीचा लेख आणि तिच्या विणीचा नमुना प्रसिद्ध झाला. पीळदार वेण्यांच्या विणकामाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळावे, ही आमच्यासारख्या विणणाऱ्यांसाठी आनंदाची गोष्ट आहे. मात्र लेखाच्या आरंभीच एक ठाम विधान आहे, ते असे की, आरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वीण ठरलेली असे आणि बुडालेल्या मच्छीमाराचे शव किनाऱ्याला लागले, की चेहरा ओळखू येत नसला तरी अंगातल्या स्वेटरच्या विणीवरून त्याचे घराणे ओळखले जाई. ही गोष्ट जगभरच्या दुकानांतून सांगितली जाते, त्यामुळे लेखिकेला दोष देण्याचा हेतू नाही. परंतु या गोष्टीला ऐतिहासिक आधार नाही आणि तिच्यामुळे ज्या बायकांनी ही वीण घडवली त्यांचे श्रेय भलतीकडे जाते, म्हणून हे पत्र.

या आख्यायिकेचा उगम बहुतांशी एका नाटकात आहे. जॉन मिलिंग्टन सिंज हा आयरिश नाटककार 1898 पासून काही वर्षे आरन बेटांवर जाऊन राहत असे. तेथील जीवनावर बेतलेले त्याचे ‘रायडर्स टू द सी’ हे एकांकी नाटक 1904 साली डब्लिनमध्ये रंगमंचावर आले. त्यात बुडालेल्या भावाचे म्हणून आलेले कपडे दोन बहिणी लपूनछपून तपासतात आणि धाकटी बहीण त्यातला पायमोजा ओळखते. ओळखते ती कशावरून? तिने स्वतः त्या मोज्यासाठी साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार गाळले होते, ते मोजून. म्हणजे नाटकात स्वेटर नाही, वेणीची नक्षी नाही आणि घराण्याची खूण तर मुळीच नाही. आपले हस्ताक्षर आपल्याला ओळखू यावे तसे तिला आपले टाके ओळखू येतात, इतकाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे आणि तो पुरेसा करुण आहे. पुढे या एका साध्या मोज्याचे घराणेनिहाय नक्षीचे स्वेटर झाले.

त्यात भर घातली ती हाइन्झ एडगर कीवे या गृहस्थाने. ऑक्सफर्डमध्ये त्याचे लोकर आणि भरतकामाच्या साहित्याचे दुकान होते. 1936 साली डब्लिनमध्ये त्याला एक जाड, पांढरा, नक्षीदार स्वेटर मिळाला आणि त्याच्या नक्षीत त्याला प्राचीन धर्मचिन्हे दिसू लागली. ‘बुक ऑफ केल्स’ या नवव्या शतकाच्या आसपासच्या चित्रमय हस्तलिखितातल्या एका आकृतीच्या अंगातही आरनचाच पोशाख आहे, असे त्याने 1967 साली ग्रंथ लिहून प्रतिपादन केले. वीस वर्षांनी रिचर्ड रट यांनी हातविणकामाचा विस्तृत इतिहास लिहिला, त्यात या प्रतिपादनाचा फोलपणा दाखवून दिला. हे रट इंग्लंडमधल्या लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः उत्तम विणत असत. धर्मचिन्हांचा दावा एका धर्मगुरूनेच खोडून काढावा, यात थोडी गंमत आहे. पण पुस्तकातले खंडन पुस्तकात राहिले आणि दुकानातली गोष्ट दुकानात चालूच राहिली.

खरा इतिहास अलीकडचा आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील दरिद्री भागांसाठी 1891 साली ‘काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नावाचे सरकारी मंडळ स्थापन झाले. मासेमारी वाढवावी, धक्के बांधावेत, घरगुती उद्योगांना उत्तेजन द्यावे, अशी त्याची कामे होती. स्कॉटलंड-इंग्लंडच्या मच्छीमारांच्या अंगात त्या काळी ‘गॅन्सी’ नावाचे गडद निळे, घट्ट विणीचे स्वेटर असत आणि त्यांच्या छातीवर उठावदार नक्षी असे. आरनच्या बायकांनी ही कल्पना उचलली, ती न रंगवलेल्या जाड पांढऱ्या लोकरीत आणली आणि वेण्या, चौकटी, जाळ्या शेजारी शेजारी बसवून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिचे रूप पार पालटून टाकले. 1930 साली म्युरिएल गाहान यांनी डब्लिनमध्ये ‘द कंट्री शॉप’ हे ग्रामीण हस्तकलांचे दुकान उघडले, तेव्हा बेटांवरचे हे स्वेटर शहरी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू लागले. पुढे विणकामाच्या छापील नमुन्यांतून ही वीण घरोघर गेली, आणि 1961 साली क्लॅन्सी बंधू व टॉमी मेकम हे गायक अमेरिकेत एड सुलिव्हान यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पांढरे आरन स्वेटर घालून गायले, त्यानंतर मागणीला सीमा राहिली नाही.

म्हणजे ही परंपरा हजार वर्षांची नव्हे, जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. आणि ती मृतांच्या ओळखीसाठी नव्हे, तर जिवंत माणसांच्या पोटासाठी उभी राहिली. घरखर्चाला चार पैसे मिळावेत म्हणून विणणाऱ्या बायकांनी एकमेकींचे पाहून, एकमेकींवर कडी करत एका पिढीत एवढी नक्षी रचली, ही हकीकत मला आख्यायिकेपेक्षा कितीतरी मोठी वाटते. आपल्याकडे धनगरांच्या लोकरीची घोंगडी सणगर विणतात, तिला चिंचोक्याची खळ देतात. उद्या एखाद्या परदेशी दुकानदाराने तिच्या किनारीवरून मृतांचे वाडे ओळखले जात असे छापले, तर आपण ते मुकाट्याने ऐकून घेऊ का?

आता शालीविषयी. घराण्याच्या खुणा नाहीत म्हटल्यावर बेटांवरून काय घ्यायचे, असा प्रश्न पडू शकतो. लेखात ‘वेणी म्हणजे कोळ्याचा दोर, चौकट म्हणजे शेत, मधमाशीचे पोळे म्हणजे कष्ट’ अशी अर्थांची यादी दिली आहे. हे अर्थही मागाहून विक्रीच्या सोयीने चिकटवलेले आहेत. कोणाला आवडत असतील तर त्यांनी ते जरूर बाळगावेत. माझी मुलगी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरात नोकरीला असल्यामुळे मला ही बेटे सावकाश पाहता आली, आणि माझे मत असे झाले आहे की ज्याला तिथून शाल न्यायची आहे त्याने यादी बाजूला ठेवून जमिनीकडे पाहावे.

गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी इनिश मोर, इनिश मान आणि इनिश इर अशी तीन बेटे आहेत. तिन्ही चुनखडकाची आहेत. बेटांवर मैलोन्‌मैल उघडा, सपाट, करडा खडक पसरलेला असून पावसाच्या पाण्याने विरघळून त्याच्या लाद्या झाल्या आहेत. दोन लाद्यांमध्ये अरुंद पण खोल फटी असतात. वरचा वारा लागत नसल्यामुळे त्या फटींत नेचे आणि रानफुले तग धरून असतात. माती इतकी थोडी, की लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळू आणि समुद्रशेवाळ खडकावर पसरून वाफे तयार केले. निघालेल्या दगडांच्या चुना-मातीविना रचलेल्या बुटक्या भिंतींनी सगळे बेट चौकटी-चौकटींत विभागलेले दिसते. या भिंतींना बहुधा फाटक नसते. गुरे आत घालायची असतील तर भिंतीचा तेवढा भाग उतरवायचा आणि गुरे गेली की दगड पुन्हा रचायचे. इनिश मोरवर सुमारे शंभर मीटर उंचीच्या कड्याच्या अगदी काठावर ‘डून एंगस’ हा प्रागैतिहासिक दगडी कोट आहे. त्याच्या अर्धवर्तुळाकार भिंती कड्यापाशी येऊन एकदम थांबतात आणि पुढे सरळ अटलांटिक सुरू होतो.

हे सगळे विणीत उतरवता येते, आणि त्यासाठी कोणत्याही प्रतीकाची गरज लागत नाही. लाद्या म्हणजे रुंद, सपाट वेण्या: नऊ-दहा टाक्यांच्या, कमी वेळा पीळ दिलेल्या. फटी म्हणजे त्यांच्यामधले दोन उलट टाके. शेजारची वेणी उठून आली की ते आपोआप खोल जातात आणि सावली धरतात. आमच्या नवख्या मैत्रिणी सगळे लक्ष वेणीवर देतात, पण वेणीला उठाव येतो तो तिच्या दोन्ही बाजूंच्या उलट टाक्यांमुळे. भिंतींच्या चौकटींसाठी तिरक्या जाणाऱ्या दोन-दोन सुलट टाक्यांची जाळी घ्यावी आणि चौकटीच्या पोटात एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्याची अदलाबदल, अशी दाणेदार वीण भरावी. मी माझ्या शालीत एका चौकटीची एक बाजू मुद्दाम न जुळवता उघडी ठेवली आहे. गुरे आत घेण्यासाठी उतरवलेला भिंतीचा भाग तो. पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि कळलेच पाहिजे असेही नाही.

छापलेल्या नमुन्यात तीन उणिवा आहेत आणि त्या दुरुस्त झाल्या नाहीत तर पुष्कळ जणींची लोकर वाया जाईल. पहिली उणीव मापाची आहे. वेणीची वीण कापडाला आत ओढते. ज्या लोकरीत आणि सुयांवर साध्या सुलट विणीत दहा सेंटीमीटरला अठरा टाके बसतात, तिथे दाट वेण्यांना बावीस ते चोवीस टाकेही लागू शकतात. नमुन्यात सुईचा क्रमांक आहे, पण दहा सेंटीमीटरला किती टाके आणि किती ओळी यायला हव्यात हे दिलेलेच नाही. त्याशिवाय तेवढेच टाके घातलेली शाल एकीची अंगभर होईल आणि दुसरीचा मफलर होईल. सगळ्या विणी असलेला हातभर चौरस आधी विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मगच मोजावे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, कारण ती शाल आणि स्वेटर यांतला फरकच विसरते. स्वेटरची उलटी बाजू कोणाला दिसत नाही. शालीची दिसते, खांद्यावरून दुमडली की तीच वर येते. नेहमीच्या वेणीच्या मागे नुसते उलट टाके आणि ताणलेल्या गाठीसारखे पट्टे दिसतात. यावर उपाय सोपा आहे. वेणी सलग सुलट टाक्यांची न करता एक सुलट, एक उलट अशा पट्टीची करावी. आठ टाक्यांपैकी पहिले चार मोकळ्या सुईवर काढून पुढे धरावेत, नंतरचे चार जसेच्या तसे एक सुलट, एक उलट विणावेत, मग धरलेले चार त्याच क्रमाने विणावेत आणि असा पीळ दर आठव्या ओळीला द्यावा. उलट टाके आत दबून जातात आणि दोन्ही बाजूंनी वेणी सारखीच दिसते, पीळही दोन्हीकडून एकाच दिशेचा दिसतो. विणायला वेळ अधिक लागतो, लोकरही अधिक खपते, परंतु शालीला खरोखर सुलट-उलट उरत नाही. कडांना पाच-सहा टाक्यांची दाणेदार वीण ठेवली की त्या गुंडाळतही नाहीत.

तिसरी उणीव धुण्याची. ‘शाल पूर्ण ताणून टाचण्यांनी वाळवावी’ ही सूचना जाळीच्या नाजूक शालीसाठी योग्य आहे. वेणीच्या शालीला ती लावली तर उठाव चपटा होतो आणि सगळे कष्ट पाण्यात जातात. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून हाताने आकारात आणली की पुरे.

लोकरीविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. आरनच्या जुन्या स्वेटरांची लोकर जाड, अंगाला टोचणारी आणि मेंढीच्या नैसर्गिक तेलाचा अंश राहिलेली असे, त्यामुळे भुरभुर पाऊस तिच्यावरून घरंगळून जाई. आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम आहे, पण ती आखूड आणि राठ असल्यामुळे अशा विणीत नक्षी हरवून जाते. ॲक्रेलिकमध्ये पीळ सुरुवातीला छान दिसतो, काही धुण्यांनंतर तो सैल पडतो. तेव्हा निदान अर्धी खरी लोकर असलेला, तीन-चार पेडांचा गोल धागा घ्यावा. रंग फिका, एकरंगी असावा. मिश्र रंगांच्या धाग्यात वेणी दिसत नाही आणि गडद रंगात सावली दिसत नाही.

लेखात शेवटी अशा शाली विकत कोठे मिळतील याचा उल्लेख आहे. वाचकांनी इतके लक्षात ठेवावे, की आरनच्या नावाने आज विकला जाणारा बहुतेक माल यंत्रावर विणलेला असतो आणि त्यातला पुष्कळसा बेटांवर बनतही नाही. यंत्राचा माल घेण्यात काहीच गैर नाही, तो स्वस्त असतो आणि टिकतोही. गैर आहे ते त्याच्यासोबत कोळ्यांच्या घराण्यांची चिठ्ठी जोडून हाताच्या कामाची किंमत मागण्यात. हाताने विणलेली वेणीची शाल पुरी व्हायला कित्येक आठवडे लागतात, हे सांगितल्यावरही आपल्या परिचयातले लोक लोकरीच्या किमतीइतकेच पैसे देऊ करतात, हा अनुभव या पत्राच्या वाचकांपैकी अनेकींना असेल.

तेव्हा माझी विनंती अशी, की पुरवणीच्या पुढील अंकात घराण्यांच्या विणीविषयीच्या विधानाची दुरुस्ती छापावी आणि त्याच नमुन्याखाली दहा सेंटीमीटरमधील टाके व ओळी यांचे माप, दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या वेणीची कृती आणि धुण्याची सुधारित सूचना द्यावी. नमुना आलेखाच्या चौकटींत छापता आला तर अधिक बरे. शब्दांत लिहिलेल्या चाळीस ओळी वाचताना नजर हमखास चुकते. आलेख काढून देण्याची माझी तयारी आहे.

आपली नियमित वाचक,
पुणे